टाकी केवढी असावी?

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथून इंटरस्टेट ७० हा महामार्ग पश्चिमेला सॅलायना गावाकडे निघतो आणि मधल्या सुमारे १७५ किलोमीटरमध्ये काही म्हणजे काही लागत नाही. पंप नाही, खानावळ नाही, गॅरेज नाही. अमेरिकेच्या इंटरस्टेट महामार्गांवर सोयींवाचूनचा एवढा लांब पट्टा दुसरा नाही. रस्ता सॅन राफेल स्वेलच्या खडकांना कापत चढत जातो आणि पुढे सुमारे २,४०० मीटर उंची गाठतो. गाव सोडण्याआधी पाटी बजावते, आणि शहाणे ड्रायव्हर इथे टाकी भरून घेतात.

त्यांतल्या पुष्कळांच्या गाड्या म्हणजे डिझेलवर चालणारे मोठे पिकअप असतात: फोर्डचे सुपर ड्यूटी, कमिन्स इंजिनाचे रॅम, ड्युरामॅक्सचे शेव्हरोले. मागे ट्रेलर. कुणाचं फिरतं घर, कुणाचे घोडे, कुणाची ट्रॅक्टर-अवजारं. पिकअपची कंपनीने दिलेली टाकी साधारण १२० ते १३० लिटरची असते. मोकळ्या गाडीला ती भरपूर झाली. पण मागे पाच टनांचं घर जोडलं की अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येतं. लिटरला चार-सव्वाचार किलोमीटर मिळाले तरी ड्रायव्हर समाधानी असतो. म्हणजे भरल्या टाकीवर ५०० किलोमीटर, आणि पाव टाकी हाताशी राखली तर ३८०च्या आसपास. समोरून वारा सुटला किंवा चढ लागला की तेही नाही.

या आकड्यांतून एक अख्खा धंदा उभा राहिला आहे. मूळ टाकी काढून तिच्या जागी, चॅसीच्या पोटाशी, जवळजवळ दुप्पट मोठी टाकी बसवायची. किंवा केबिनच्या मागे, पिकअपच्या हौद्यात जास्तीची टाकी ठेवून तिचं डिझेल मूळ टाकीत सोडायचं. कॅलिफोर्नियातल्या चिको गावची ट्रान्सफर फ्लो कंपनी पत्र्याच्या टाक्या करते, टायटन ही कंपनी जाड प्लॅस्टिकच्या. मोठी टाकी बसवलेला पिकअप ट्रेलरसह ९००-९५० किलोमीटर न थांबता जाऊ शकतो. विकत घेणारे लोक हौशी आहेत, पण उथळ नाहीत. किती लिटर बसवावं यावर ते महिनोन्महिने विचार करतात. या विचारात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. उद्यासाठी किती बरोबर घ्यावं? कुठवर ती तजवीज, आणि कुठून पुढे तो परिग्रह?

आधी व्यवहार नीट पाहायला हवा, कारण टाकी मोठी करण्याची कारणं बाहेरून वाटतात तशी नाहीत. अमेरिकेत डिझेलचा तुटवडा नाही. युटातला तो सर्वांत लांब ओसाड पट्टासुद्धा मूळ टाकीवर आरामात पार होतो. खरी अडचण पंपावर शिरण्याची असते. पिकअप आणि ट्रेलर मिळून १५-१६ मीटरची ती गाडी छोट्या पंपाच्या आवारात वळतच नाही. डिझेलचं नळकांडं बहुधा कोपऱ्यात, दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून असतं. आत शिरावं तर बाहेर पडायला जागा नाही, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ट्रेलर रिव्हर्स घेणं म्हणजे घाम फोडणारं काम. म्हणून अनुभवी माणसं दिवसभर ट्रेलर ओढतात, मुक्कामाला तो सोडवून ठेवतात आणि मग नुसता पिकअप घेऊन पंपावर जातात. हे जमायला टाकीत पूर्ण दिवसाचं डिझेल हवं. दुसरं कारण भावाचं. कॅलिफोर्नियात डिझेल महाग, शेजारच्या अ‍ॅरिझोनात स्वस्त. सीमा ओलांडण्याआधी भरून घेतलं की बरेच डॉलर वाचतात. तिसरं कारण यंत्राचं. आजच्या डिझेल इंजिनात जो पंप प्रचंड दाबाने इंधन ढकलतो, त्याला वंगणही त्याच इंधनाचं मिळतं. टाकी कोरडी पडली तर गाडी नुसती थांबत नाही. तो महागडा पंपच खराब होण्याची भीती असते.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण काट्याकडे पाहत तीनशे किलोमीटर काढलेल्या माणसाला आणखी एक चौथं कारण ठाऊक असतं: पोटात उठणारी काळजी. पुढचा पंप बंद असला तर? डिझेलच संपलं असलं तर? पहिल्या तीन कारणांना लिटरमध्ये माप आहे. काळजीला ते नाही. २३० लिटरची टाकी बसवलेला माणूस थोड्याच दिवसांत हौद्यात आणखी २०० लिटरची सोय करता येईल का, याचा विचार करू लागतो. प्रश्न इथून सुरू होतो.

अमेरिकेच्या या रस्त्यांवरच्या अनेकांच्या गाडीत बायबल असतं, आणि बायबल या बाबतीत दोन तोंडांनी बोलल्यासारखं वाटतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू उद्याची चिंता करू नका असं सांगतो. पाखरं कोठारात साठवत नाहीत तरी त्यांचं पोट भरतं. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत शेतकरी पीक मावेना म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आणि त्याच रात्री मरतो. एवढंच असतं तर मोठ्या टाकीचा निकाल लागलाच होता. पण त्याच मत्तयात, पंचविसाव्या अध्यायात, दहा कुमारींचा दाखला आहे. वराला यायला उशीर होतो. पाच जणींनी दिव्याबरोबर कुप्यांत जास्तीचं तेल आणलेलं असतं, पाच जणींनी नसतं. दिवे विझू लागतात. तेल नसलेल्या मागतात आणि शहाण्या चक्क नकार देतात: आम्हांला आणि तुम्हांला पुरणार नाही, विकणाऱ्यांकडे जा. त्या जातात, तेवढ्यात दार बंद होतं. इथे जास्तीची कुपी बाळगणारी शहाणी ठरली आहे.

हा नकार वाचणाऱ्याला आजही टोचतो आणि टोचायलाच हवा. चौथ्या शतकातले धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम यांनी त्यावर असं उत्तर काढलं, की या दाखल्यातलं तेल म्हणजे दानधर्म, आणि तेल विकणारे म्हणजे गरीब लोक. गरिबांना जे द्यावं तेच आपल्या कुपीत जमा होतं. म्हणून वेळ संपल्यावर ते उसनं मिळत नाही. ऑगस्टीनने त्याच तेलाचा अर्थ प्रेम असा लावला. दोघांनाही दिसलं होतं, की साठ्याची स्तुती करणारी ही गोष्ट जशीच्या तशी घेतली तर माणूस कंजूस होईल. म्हणून त्यांनी साठा कशाचा, हा प्रश्न पुढे आणला.

तरी डिझेलच्या टाकीचं माप त्यातून निघत नाही. ते निघतं त्याहून जुन्या एका गोष्टीतून. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलमध्ये ही गोष्ट निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसर सोडून निघालेले इस्राएली लोक वाळवंटात आहेत, खायला नाही, आणि सकाळी दव सुकल्यावर जमिनीवर मान्ना पडलेला मिळतो. आज्ञा अशी की माणशी एक ओमर गोळा करा, अधिक नको. कुणी जास्त गोळा केला तर मापताना शिल्लक राहिली नाही, कुणी कमी केला तर त्याला तूट आली नाही. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवून पाहिला. सकाळी त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली. इथवर हा रोजच्या रोज मिळणाऱ्या भाकरीचा धडा आहे. पण सहाव्या दिवशी आज्ञा उलटते. आज दुप्पट घ्या, उद्या शब्बाथ, विसाव्याचा सातवा दिवस आहे, उद्या पडणार नाही. आणि त्या दिवशी ठेवलेला मान्ना नासत नाही.

या गोष्टीत साठा करणं पाप नाही आणि पुण्यही नाही. पदार्थ तोच, ठेवणारा माणूस तोच. एका रात्री नासतो, दुसऱ्या रात्री टिकतो. फरक एवढाच की सहाव्या दिवशी उद्याची अनुपस्थिती ठाऊक असते, आणि किती दिवसांची तेही ठाऊक असतं: एका दिवसाची. म्हणून दुप्पट, तिप्पट नाही. कोकणात मृगाआधी आगोटीची तयारी होते, भात, मीठ, सुकी मासळी, सरपण घरात येतं, तिला कुणी हावरेपणा म्हणत नाही, कारण चार महिने वाटा बंद राहणार हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. ग्रीन रिव्हरला टाकी काठोकाठ भरणाऱ्या ड्रायव्हरची भूमिका हीच आहे. पुढचे १७५ किलोमीटर सातवा दिवस आहे.

काळजीचा सातवा दिवस मात्र नकाशावर कुठेच नसतो. तो रोज असू शकतो. त्यामुळे तिच्या हिशेबाने कुठलीही टाकी लहानच. मोठ्या टाकीचा प्रश्न नैतिक होतो तो लिटरच्या आकड्यामुळे नव्हे. समोर ज्ञात पोकळी आहे की कल्पित, हे माणसाने स्वतःला विचारलं आहे का, यावर तो अवलंबून आहे.

भारतीय परंपरेत हा विचार सर्वांत बारकाईने जैनांनी केला. साधूला परिग्रह पूर्ण वर्ज्य. पण गृहस्थाला, श्रावकाला, तसं सांगून चालत नाही. त्याच्यासाठी परिग्रहपरिमाण आहे: किती ठेवायचं ती मर्यादा स्वतःच आखायची आणि पाळायची. याच्या जोडीला दिग्व्रत आहे. कुठल्या दिशेला किती लांब जायचं याचीही मर्यादा घालायची, आणि ती प्रसिद्ध समुद्र, नद्या, डोंगर, देश अशा ठरलेल्या खुणांनी घालायची. दिग्व्रताचे जे दोष सांगितले आहेत त्यांत एक क्षेत्रवृद्धी: आखलेला टापू लोभाने वाढवणं. दुसरा, घातलेली मर्यादाच विसरून जाणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाणाचे पाच दोष येतात, आणि ते वाचताना युटाच्या रस्त्यावरची गाडी डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. अतिवाहन, म्हणजे लोभापायी वाहनाला, जनावराला झेपेल त्याहून जास्त दौडवणं. अतिसंग्रह. दुसऱ्याच्या संपत्तीने अति विस्मित होणं. अतिलोभ. आणि अतिभारवहन. बैलगाडीच्या काळातल्या या आचार्यांना वाहतुकीचा धंदा आणि त्याचे मोह पक्के माहीत होते. प्रमाणाबाहेर दौडवणं, साठवणं आणि लादणं या तीन गोष्टी एकाच दोषाच्या फांद्या आहेत, ही त्यांची नोंद फार मोलाची आहे, कारण एरवी त्या सुट्या सुट्या वाटतात.

ट्रेलरवाल्यांच्या जगात त्या सुट्या नाहीतच. पिकअपच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: या गाडीत माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नये. मूळ टाकीतलं डिझेल गाडीच्या वजनात धरलेलं असतं. वरचं प्रत्येक लिटर या आकड्यातून कापलं जातं. मूळ टाकीऐवजी २२७ लिटरची बसवली तर वजन सुमारे ९० किलोने वाढतं, म्हणजे एक धडधाकट माणूस अधिक. तेवढं चालून जाईल. पण हौद्यात ३८० लिटरची भरलेली टाकी ठेवली तर टाकीचं वजन सोडून नुसतं डिझेलच ३२० किलो झालं. आता हौद्यातच जोडल्या जाणाऱ्या साडेपाच टनांच्या फिफ्थ व्हील ट्रेलरचा जो भार पिकअपच्या पाठीवर येतो, तो ट्रेलरच्या वजनाच्या पंधरा ते पंचवीस टक्के असतो. वीस टक्के धरले तर १,१०० किलो. तीन-चतुर्थांश टनाच्या वर्गातल्या डिझेल पिकअपची एकूण मुभाच बहुधा ९०० ते १,१०० किलोच्या घरात असते. म्हणजे ट्रेलरच्या नाकानेच सगळी मुभा खाल्लेली आहे. डिझेल ठेवायचं ते टायर, ब्रेक आणि घाटातल्या उतारावर समोरून येणाऱ्या माणसाच्या जिवावर. अमेरिकी कायदाही ४५० लिटरच्या पुढच्या पात्रातल्या इंधनाला वेगळ्या, कडक नियमांखाली आणतो. संग्रह आणि हिंसा यांचं जे नातं जैन विचाराने लावलं, ते इथे अगदी शब्दशः रस्त्यावर उतरतं.

जॉन स्टाइनबेक १९६० साली जीएमसीच्या पिकअपवर बसवलेल्या घरातून, चार्ली नावाचा कुत्रा बरोबर घेऊन अमेरिका फिरला. गाडीचं नाव त्याने रोसिनांते ठेवलं होतं. बरोबर पुस्तकं, अवजारं, खाण्याचे डबे, इतकं काही घेतलं की गाडी वाजवीपेक्षा जड झाली. ओरेगॉनमध्ये पावसाळी रविवारी मागचा टायर फुटला आणि दुसऱ्याचाही भरवसा राहिला नाही. एका पंपावरच्या माणसाने, रविवार असूनही, ठिकठिकाणी फोन करून त्याच्यासाठी भारी वजनाचे टायर मिळवून दिले. ट्रॅव्हल्स विथ चार्ली या १९६२च्या पुस्तकात तो प्रसंग आहे. जास्तीच्या सामानाने त्याला अडकवलं आणि अनोळखी पंपवाल्याने सोडवलं. न थांबता ९५० किलोमीटर जाण्याची ऐपत मिळवताना माणूस काय गमावतो, त्याचं हे ठोस उदाहरण आहे. त्याच्या रस्त्यात असा पंपवाला यायचाच थांबतो.

त्याआधी शंभर वर्षं याच मुलुखातून बैलगाड्या गेल्या होत्या. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेल्यांनी इतकं लादलं होतं, की वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरमीच्या आसपास रस्त्याकडेला खारवलेल्या मांसाचे ढीग टाकून द्यावे लागले. शेगड्या, फर्निचरही गेलं. तीच माणसं पुढे नेवाडातल्या ६५ किलोमीटरच्या निर्जळ वाळवंटात, फॉर्टी माइल डेझर्टमध्ये, पाण्यावाचून तडफडली, आणि त्यांची जनावरं तिथे शेकड्यांनी मेली. हौस म्हणून किंवा धास्ती म्हणून लादलेलं फेकावं लागलं, आणि जिथे खरी पोकळी होती तिथे पुरेसं पाणी नव्हतं. या दोन्ही चुका एकाच प्रवासात, एकाच गाडीत झाल्या. भीतीने केलेली तयारी बहुधा चुकीच्या वस्तूची असते, असं ही वाट सांगते. आज त्या वाळवंटाजवळून, फॅलन गावाहून, महामार्ग ५० जातो. लाइफ मासिकाने १९८६ साली त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं. ऑस्टिन, युरेका, ईली अशी एकेक वस्ती तास-दोन तासांच्या अंतराने येते आणि तिथे डिझेल मिळतं.

मान्न्यातल्या किड्यांचीही एक खरीखुरी जात डिझेलमध्ये आहे. साठवलेल्या डिझेलमध्ये हवेतल्या ओलाव्याचं पाणी तळाशी बसतं, आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. काळपट, बुळबुळीत थर जमतो, फिल्टर चोंदतात. न वापरता सहा महिने, वर्षभर ठेवलेलं डिझेल बिघडू लागतं. मोठी टाकी अर्धी भरून हंगामभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास अधिक. हिवाळ्यात आणखी एक होतं. अ‍ॅरिझोनाच्या उबदार भागात भरलेलं डिझेल त्या हवेला साजेसं असतं. मोठ्या टाकीमुळे ते न बदलता थेट वायोमिंग-मोंटानाच्या थंडीत पोचतं आणि तिथे त्यातलं मेण गोठून गाडी बंद पडू शकते. लहान टाकीवाला वाटेत दोनदा थांबतो, आणि त्या त्या मुलुखाचं, थंडीला तयार केलेलं डिझेल आपोआप त्याच्या टाकीत येत राहतं. फार पुढचं आज भरून ठेवलं की ते पोचल्या ठिकाणाला मानवेलच असं नाही. ही शक्यता साठ्यावर भरवसा ठेवणाऱ्याच्या हिशेबात क्वचित असते.

शेजाऱ्याच्या वाट्याचा प्रश्न याहून जड आहे. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. तुटवडा होताच, पण टाकी थोडी रिकामी झाली की लगेच काठोकाठ भरून घेण्याची सवय लागल्याने तो वाढला, कारण कोट्यवधी टाक्या मिळून एक प्रचंड, विखुरलेलं कोठार तयार झालं आणि पंपावरचं तेल त्यात जाऊन बसलं. १९७९च्या टंचाईत काही राज्यांना नियम करावा लागला, की ज्याची टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली आहे त्याला तेल द्यायचं नाही. तो नियम म्हणजे सरकारने घातलेलं परिग्रहपरिमाणच होतं. २०२१च्या मे महिन्यात कलोनियल पाइपलाइन संगणकावरच्या हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं सुमारे ४५ टक्के इंधन त्या नळातून येतं. लोकांनी इतकी भराभर केली, की ग्राहकसुरक्षेच्या सरकारी आयोगाला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असं जाहीर सांगावं लागलं. नळ आठवड्याच्या आत सुरू झाला. पंप त्याआधीच कोरडे पडले होते. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या घरासाठी काळजी करत होता.

म्हणून मोठी टाकी सरसकट दोषी ठरवणंही अन्यायाचं होईल. जुलैत अ‍ॅरिझोनातून घोड्यांचा ट्रेलर नेणाऱ्याला पंपाच्या रांगेत अर्धा तास उभं राहणं परवडत नाही. ट्रेलर चालत असतो तोवर घोड्यांना वारा लागतो, थांबला की आत भट्टी होते. त्याने दिवसभराचं डिझेल बरोबर घेतलं तर ते त्या मुक्या जिवांसाठी आहे. दूरच्या कुरणावर यंत्रं नेणारा शेतकरी, वाटेत औषधाची वेळ सांभाळणाऱ्या आजाऱ्याला नेणारा मुलगा, यांचंही तसंच. बौद्ध विनयात भिक्षूला अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याची मनाई आहे, पण आजारी भिक्षूला तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही औषधं सात दिवसांपर्यंत ठेवता येतात. आठव्या दिवशी ती सोडून द्यावी लागतात. या नियमाची सुंदरता त्याच्या मापात आहे. गरज मान्य केली, वस्तूंची नावं ठरवली, आणि दिवस मोजून दिले.

ट्रेलरवर राहणाऱ्या अमेरिकी निवृत्तांनी, कुठल्याही धर्मग्रंथाचा आधार न घेता, स्वतःसाठी असंच एक व्रत तयार केलं आहे. त्याला ते तीन-तीन-तीन म्हणतात: दिवसात ३०० मैलांहून अधिक जायचं नाही, दुपारी ३ वाजेपर्यंत मुक्कामाला पोचायचं, आणि तिथे ३ दिवस राहायचं. व्यावसायिक ट्रकचालकाला कायदा ११ तासांवर थांबवतो. खासगी पिकअपवाल्याला थांबवणारं कुणी नसतं. पूर्वी टाकीच ते काम करायची. सुमारे ४८० किलोमीटरला ती संपत यायची, ड्रायव्हर उतरायचा, पाय मोकळे करायचा, टायरना हात लावून पाहायचा. टाकी दुप्पट झाल्यावर ते बंधन माणसाला मनाने घालावं लागतं. ज्याने ३०० मैलांचं व्रत घेतलं आहे त्याने ६०० मैलांची टाकी बसवली तर तीत वाईट काही नाही; ती दोन दिवसांतून एकदा, सोयीच्या पंपावर भरेल. ज्याने व्रत घेतलेलं नाही, त्याच्या हातात तीच टाकी अतिवाहनाचं साधन होते, आणि पेंगलेल्या डोळ्यांनी रात्री अकराला ट्रेलर ओढणारा माणूस सगळ्या रस्त्याला धोका ठरतो. टाकी घेण्याआधी व्रत घ्यावं, हा क्रम महत्त्वाचा.

आणखी एक वाट आहे, तिचा विचार या चर्चेत फार कमी होतो. पोकळी खरी असेल तर ती भरण्याचे दोन मार्ग: प्रत्येकाने आपली टाकी वाढवायची, किंवा पोकळीच्या तोंडाशी सर्वांसाठी साठा उभा करायचा. विनयात एकट्या भिक्षूला जे ठेवता येत नाही, ते संघाच्या भांडारात ठेवता येतं आणि त्यासाठी भांडारपाल नेमला जातो. सातवाहनांच्या काळात कल्याणहून जुन्नरकडे जाणारे तांडे नाणेघाट चढायचे, तेव्हा घाटमाथ्याच्या आसपास कातळात पाण्याची टाकी कोरून ठेवलेली असायची. ती आजही तिथे पाहायला मिळतात. कुणा एका व्यापाऱ्याच्या बैलावर पखाली वाढवण्याऐवजी वाटेलाच पाणी दिलं गेलं. आणि यातला व्यवहारही सरळ आहे. सगळ्यांच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि सगळे छोट्या गावचा पंप ओलांडून जाऊ लागले, तर तो पंप बंद पडेल, पोकळी लांबेल, आणि मग खरंच आणखी मोठी टाकी लागेल.

अलास्कात डाल्टन महामार्ग फेअरबँक्सच्या उत्तरेपासून आर्क्टिक महासागराजवळच्या डेडहॉर्सपर्यंत ६६६ किलोमीटर जातो. तेलाच्या नळासाठी १९७४ साली तो बांधला, आणि बराचसा रस्ता नळ शेजारीच धावत असतो. त्यातल्या कच्च्या तेलाचा रस्त्यावरच्या गाडीला काही उपयोग नाही. वाटेतला कोल्डफूटचा थांबा सोडल्यावर डेडहॉर्सपर्यंत ३८५ किलोमीटर इंधन मिळत नाही. ट्रेलर ओढणाऱ्याच्या मूळ टाकीची ही अगदी काठावरची मर्यादा, त्यामुळे इथे जास्तीचं डिझेल नेणारा कुणीही अतिसंग्रही ठरत नाही. कोल्डफूटला तळ सुरू केला तो डिक मॅकी याने. कुत्र्यांच्या घसरगाडीची इडिटारॉड शर्यत त्याने १९७८ साली अवघ्या एका सेकंदाने जिंकली होती. १९८१ साली त्याने एक जुनी शाळेची बस इथे उभी केली आणि ट्रकवाल्यांना हॅम्बर्गर विकू लागला. ट्रक थांबू लागले, आणि पुढचा निवारा बांधायला त्या ट्रकवाल्यांनीच त्याला मदत केली. उत्तरेला निघालेल्या गाड्या आजही तिथे टाकी भरतात, चालक आत जाऊन जेवतात आणि दक्षिणेला परतणाऱ्यांकडून पुढच्या रस्त्याची हालहवाल विचारून घेतात.